भय, हास्य आणि विश्वासार्हता : ‘क्रेझीहेड’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील रसविरोधाचा प्रश्न

१

भय आणि हास्य यांचे साहचर्य हा साहित्यविचारातील जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे. संस्कृत काव्यशास्त्राने या दोन रसांची गणना परस्परविरोधी रसांत केली. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण या दोघांचा स्पष्ट निर्देश केला आहे. दुसरीकडे इंग्रजी भयकथेची परंपरा ज्या कृतीपासून सुरू झाली असे मानले जाते, त्या होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीतच हे दोन्ही भाव शेजारी नांदताना दिसतात. पहिली आवृत्ती वॉलपोलने एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून प्रसिद्ध केली. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्वतःचे कर्तृत्व मान्य केले आणि प्रस्तावनेत सेवकवर्गाच्या भोळ्या, हास्यजनक वर्तनाचे समर्थन केले. त्यासाठी त्याने शेक्सपिअरचा आधार घेतला आणि व्हॉल्तेरच्या आक्षेपांना उत्तर दिले. भयाच्या इंग्रजी परंपरेला आरंभापासूनच हास्याची कैफियत द्यावी लागली, असे यावरून म्हणता येईल.

हॉवर्ड ओव्हरमन या लेखकाने निर्माण केलेली ‘क्रेझीहेड’ ही सहा भागांची मालिका याच परंपरेतील अलीकडची कृती होय. चॅनेल फोरच्या ‘ई-फोर’ या तरुण प्रेक्षकांसाठीच्या वाहिनीवर ती १९ ऑक्टोबर २०१६ पासून प्रसारित झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सद्वारे ब्रिटनबाहेर पोहोचली. तिचा दुसरा हंगाम निघाला नाही. माणसांच्या शरीरात वस्ती करणाऱ्या नरकवासी शक्तींशी लढणाऱ्या दोन तरुणींची ही कथा आहे. एमी (कारा थिओबोल्ड) ही बोलिंगच्या क्रीडागृहात काम करते. इतरांना साध्या दिसणाऱ्या काही माणसांचे खरे, भीषण चेहरे तिला दिसतात. हे दिसणे म्हणजे मनोविकार आहे असे तिला वर्षानुवर्षे सांगण्यात आले असून त्यासाठी तिने औषधोपचारही घेतले आहेत. रॅकेल (सुझन वोकोमा) हिलाही तेच दिसते. मात्र ती त्याला आजार न मानता कर्तव्य मानते आणि एकटीच या शक्तींची शिकार करीत फिरते. या दोघींची गाठ पडते तेथून कथानकाला गती येते.

अशा कृतीला ‘भयविनोदी’ असे नाव देऊन समीक्षा बहुधा थांबते. या नावाने दोन भाव एकत्र आहेत एवढेच कळते. ते कोणत्या नात्याने एकत्र आहेत हे कळत नाही. हे नाते शोधताना संस्कृत काव्यशास्त्रातील रसविरोधाची चर्चा उपयोगी पडू शकते काय, आणि तिचा उपयोग करताना त्या चर्चेचीही काही नवी बाजू उघड होते काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम एका भाषिक अडचणीचा विचार करणे आवश्यक आहे. मालिकेतील ‘डीमन’ या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘भूत’ आणि ‘पिशाच’ या शब्दांत मृताच्या अतृप्तीचा अर्थ प्रामुख्याने असतो. ‘राक्षस’ आणि ‘दैत्य’ हे पुराणकथेतील स्वतंत्र देहधारी वंश आहेत. ‘सैतान’ हा शब्द एकवचनी आणि व्यक्तिवाचक अर्थाकडे झुकतो. मालिकेतील शक्ती मात्र ख्रिस्ती नरककल्पनेतून आलेल्या असून त्यांना वावरण्यासाठी जिवंत माणसाचे शरीर लागते. ‘झपाटणे’ हे मराठी क्रियापद या अवस्थेच्या बरेच जवळ जाते. तेथेही भेद आहेच. मराठी लोकजीवनात ‘झपाटणे’ आणि ‘अंगात येणे’ या दोन अवस्था वेगळ्या आहेत. पहिलीत बाधा असते, तर दुसरीत पुष्कळदा देवतेचा संचार मानला जातो आणि तिला सामूहिक मान्यता असते. अंगात आलेल्या स्त्रीचे बोलणे निदान तेवढ्या वेळापुरते समाज ऐकून घेतो. ‘क्रेझीहेड’च्या जगात अशी मान्यता देणारी कोणतीही संस्था उरलेली नाही. धर्मपीठ पार्श्वभूमीवरून जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्याच्या जागी मनोविकारतज्ज्ञाची खोली आली आहे. त्यामुळे या लेखात ‘डीमन’ हा शब्द तसाच ठेवला आहे.

धर्मपीठाच्या या अनुपस्थितीचे महत्त्व १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या अमेरिकी चित्रपटाशी तुलना केल्यास लक्षात येते. तेथे वैद्यकशास्त्र हतबल झाल्यानंतर मुलीची आई धर्मगुरूंकडे वळते. भूतबाधा उतरवण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे असतो. बाधित मुलगी ही त्या अधिकाराचा विषय असते. ‘क्रेझीहेड’मध्ये हा विधी करणाऱ्या दोन तरुणींपाशी ना दीक्षा आहे, ना पदवी, ना कोणाची अनुज्ञा. ज्यांना स्वतःलाच ‘बाधित’ ठरवले गेले आहे अशा व्यक्ती येथे बाधा उतरवू पाहतात. हास्याची आणि भयाचीही बीजे याच अधिकारहीनतेत आहेत.

३

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाचे आणि त्याच्या परिहाराचे जे विवेचन केले आहे, त्यातील तीन मार्ग येथे प्रस्तुत आहेत. काही रसांचा विरोध एकाच आश्रयात आल्यामुळे होतो. तेथे आश्रय वेगळे केले की विरोध मावळतो. उदाहरणार्थ, वीर नायकाच्या ठिकाणी आणि भय प्रतिनायकाच्या ठिकाणी ठेवले तर दोन्ही भाव परस्परांना पोषकच ठरतात. काहींचा विरोध लागोपाठ आल्यामुळे होतो. तेथे मध्ये तिसरा रस योजावा लागतो. ‘नागानंदा’त शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुताची योजना आहे, ती याच न्यायाने. तिसरा मार्ग अंगांगिभावाचा. दोन विरोधी भाव एखाद्या तिसऱ्या प्रधान भावाचे अंग होऊन आले, तर त्यांच्यात दोष राहत नाही. मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’त हीच भूमिका स्वीकारली आहे.

रससिद्धान्त आधुनिक कृतींना लावावा की नाही, याविषयी मराठी समीक्षेत दीर्घकाळ वाद झाला आहे. बा. सी. मर्ढेकरांसारख्या सौंदर्यमीमांसकाने तर रसकल्पनेच्या पायावरच आक्षेप घेतले. त्या वादाचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. आनंदवर्धनाचे हे विवेचन मुळात रचनाविषयक आहे. दोन भाव कोणाच्या ठिकाणी, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या अधीन राहून येतात, असे प्रश्न ते विचारते. हे प्रश्न कोणत्याही काळातील आणि माध्यमातील कृतीला विचारता येतात.

भयविनोदी कृतींपैकी बऱ्याच कृती पहिल्या मार्गाने जातात. भय नायकाला किंवा नायिकेला वाटते आणि हास्य दुय्यम पात्राकडे सोपवले जाते. वॉलपोलचे सेवक हे याचेच उदाहरण. ‘क्रेझीहेड’मध्येही एमीचा सहकारी जेक याच्याकडे असे निखळ विनोदी प्रसंग आहेत. तथापि मालिकेचे वेगळेपण येथे नाही. तिच्यात भय ज्यांना वाटते आणि हास्य ज्यांच्यामुळे उत्पन्न होते, त्या व्यक्ती बहुतांशी एकच आहेत. दोन्ही भावांचा आश्रय एमी आणि रॅकेल याच आहेत. म्हणजे आनंदवर्धनाने सुचवलेला सर्वांत सोपा परिहार या मालिकेने टाळला आहे.

पहिल्या भागातील बाधानिवारणाचा प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. एमीची जिवलग मैत्रीण सुझॅन (रिआन स्टील) हिच्या शरीरात डीमन शिरतो. रॅकेलला ठाऊक असलेल्या विधीनुसार बाधित व्यक्तीवर मूत्रविसर्जन करणे आवश्यक ठरते आणि ते काम एमीला करावे लागते. मैत्रिणीचा जीव धोक्यात आहे हे भय, कृतीची किळस आणि प्रसंगाचा विक्षिप्तपणा हे सर्व एकाच वेळी प्रेक्षकासमोर येते. भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. येथे बीभत्स हा भय आणि हास्य यांच्यामधला सांधा ठरतो. किळस भयाला जितकी जवळची, तितकीच ती ओंगळ विनोदालाही जवळची. त्यामुळे एका भावातून दुसऱ्या भावात जाताना प्रेक्षकाला झटका बसत नाही. हा आनंदवर्धनाचा दुसरा मार्ग झाला.

परंतु प्रसंग तेथेच संपत नाही. विधी फसतो आणि सुझॅन मरते. प्रेक्षक ज्या कृतीला नुकताच हसला, तिचाच परिणाम म्हणून एक माणूस गेलेले असते. प्रेताची विल्हेवाट लावण्याची वेळ या दोघींवर येते, तेव्हा हास्य पुन्हा उगवते. मात्र आता त्यात अपराधाची छाया मिसळलेली असते. पुढे सुझॅन मृत्यूनंतरही परत येते. एका विनोदी प्रसंगाची किंमत अशा रीतीने पुढील भागांत चुकती करावी लागते. हास्याने भय हलके करायचे आणि पुढे निघून जायचे, ही या प्रकारातील रूढ सोय मालिकेने या ठिकाणी नाकारली आहे.

४

या दोन विरोधी भावांना धरून ठेवणारा प्रधान भाव कोणता, हा प्रश्न यानंतर येतो. उघड उत्तर ‘मैत्री’ असे आहे आणि ते चुकीचे नाही. रॅकेलला मैत्रीण नाही. ती मिळावी म्हणून चाललेली तिची उघडीवाघडी धडपड हा मालिकेतील हास्याचा मोठा झरा आहे. सुझन वोकोमाच्या अभिनयात ही धडपड हास्यास्पद आणि केविलवाणी यांच्या सीमेवर सतत राहते. परंतु या मैत्रीचा विशेष केवळ स्नेहात नाही. एमीला जे दिसते ते खरोखर आहे, असे सांगणारी पहिली व्यक्ती म्हणजे रॅकेल. या मैत्रीचा पाया परस्परांच्या साक्षीवर विश्वास ठेवण्यात आहे. भय वाटते ते दिसणाऱ्या भीषण चेहऱ्याचे, आणि तितकेच ते आपले कोणी ऐकणार नाही याचे. हास्य उत्पन्न होते तेही याच परिस्थितीतून, कारण इतरांच्या दृष्टीने या दोघींचे वागणे निव्वळ वेडेपणाचे असते. मालिकेचे शीर्षक हा वेडेपणाचा शिक्काच नाव म्हणून धारण करते. विश्वासार्हता हा या कृतीचा अंगी विषय असून भय आणि हास्य ही तिची अंगे आहेत, असे म्हणणे त्यामुळे योग्य ठरेल.

येथे संस्कृत काव्यशास्त्राकडे पुन्हा वळून पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. हास्य आणि भयानक यांना विरोधी ठरवणाऱ्या याच परंपरेने त्यांचे सामाजिक स्थान मात्र एकच ठरवले होते. हास्य हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी विशेषेकरून दिसते, असे भरत म्हणतो. भय हा भावही स्त्री आणि नीच प्रकृती यांच्याशीच तो जोडतो. उत्तम प्रकृतीचा नायक खदखदून हसत नाही आणि थरथर कापतही नाही. वॉलपोलच्या प्रस्तावनेतही राजे आणि वीरपुरुष यांची उदात्तता आणि सेवकांचा भोळेपणा अशी विभागणी आहे. दोन परंपरांत काळाचे आणि संस्कृतीचे प्रचंड अंतर असूनही हा समान धागा आहे. ज्यांच्या बोलण्याला समाजात वजन नाही, त्यांच्या ठिकाणी भयही ठेवता येते आणि हास्यही; कारण त्यांचे भय गंभीरपणे घेण्याचे बंधन कोणावर नसते. शास्त्रदृष्ट्या विरोधी असलेले हे दोन भाव समाजदृष्ट्या एका घरचे आहेत. ‘क्रेझीहेड’ने एकाच आश्रयात त्यांना आणले, तेव्हा तिने या जुन्या सामाजिक विभागणीलाच कथेच्या केंद्रस्थानी आणले. कमी वेतनाची नोकरी करणारी, मनोरुग्ण म्हणून नोंद झालेली तरुण स्त्री येथे दुय्यम पात्र राहत नाही. ती नायिका होते.

इंग्रजी साहित्यात या नायिकेच्या पूर्वसूरी आहेत. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ (१८१७) मधील कॅथरिन मोरलंड भयकादंबऱ्या वाचून जनरल टिल्नीवर पत्नीच्या हत्येचा संशय घेते. तिचा संशय हास्यास्पद ठरतो. पण जनरलची क्रूरता पुढे वेगळ्या रूपात सिद्ध होते, म्हणजे तिचे भय तपशिलात चुकलेले असले तरी दिशेत चुकलेले नसते. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) मधील शिक्षिकेला दिसणारी भुते खरी की तिच्या मनाची, हा प्रश्न लेखकाने उघडा ठेवला. एडमंड विल्सनने १९३४ साली त्याला मनोविश्लेषणाच्या बाजूने उत्तर दिले आणि दीर्घ वाद सुरू झाला. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुतिकेचे लक्षण वाचकाच्या या दोलायमानतेतच पाहिले, आणि मनोविश्लेषणाने या साहित्याची जागा घेतल्यामुळे त्याची गरज उरली नाही असेही मत मांडले. ‘क्रेझीहेड’ या मताला वेगळ्याच दिशेने छेद देते. मनोविकारशास्त्राने भयकथेची जागा घेतली असेल, तर ती जागाच भयकथेचे नवे स्थळ होऊ शकते. मालिकेतील प्रमुख खलपात्र कॅलम (टोनी करन) हा मनोविकारतज्ज्ञ आहे आणि तोच डीमन आहे. जुन्या वाड्याचे तळघर ज्या कामी येत असे, त्या कामी आता सल्लागाराची खोली येते.

५

मालिकेचे सर्वांत मोठे सामर्थ्य येथे आहे आणि तिची सर्वांत गंभीर अडचणही येथेच आहे. एमीला दिसणारे डीमन खरे आहेत, हे प्रेक्षकाला फार लवकर कळते. तोदोरोव्हला अभिप्रेत असलेली दोलायमानता त्यामुळे जवळजवळ आरंभीच संपते. अमेरिकी ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ (१९९७–२००३) या मालिकेशी ‘क्रेझीहेड’ची तुलना स्वाभाविक आहे. तिच्या ‘नॉर्मल अगेन’ (२००२) या भागात नायिकेला आपण मनोरुग्णालयात असून सगळा लढा हा भ्रम आहे असे वाटू लागते. तो संशय भागाच्या अखेरीसही पूर्णपणे विरत नाही. शंभरहून अधिक भाग नायिकेवर विश्वास ठेवलेल्या प्रेक्षकाला तेथे आपला विश्वास तपासून पाहावा लागतो. ‘क्रेझीहेड’ने उलट क्रम स्वीकारला : आधी निदान, नंतर त्या निदानाचे खंडन. ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांना न्याय मिळावा, या दृष्टीने हा क्रम समर्थनीय आहे. परंतु त्यातून निघणारा शब्दशः अर्थ असा होतो की औषधे देणारा फसवीत होता आणि औषधे घेणारी मुळात आजारीच नव्हती.

रूपक म्हणून हे मान्य करता येईल. ज्या समाजात तरुण स्त्रीची तक्रार सहजपणे ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारली जाते, तेथे तिच्या साक्षीला प्रामाण्य देणारी कथा आवश्यकच ठरते. तथापि खऱ्या मनोविकाराने ग्रासलेल्या व्यक्तीला ही कथा काय देते, हा प्रश्न उरतोच. तिला दिसणारे चेहरे बाहेर नसतात आणि तिला उपचारांची खरोखर गरज असते. तिच्यावर विश्वास ठेवणे म्हणजे तिच्या भासांना सत्य मानणे नव्हे. तिचे दुःख सत्य मानणे होय. हा भेद मालिकेला आपल्या मूळ कल्पनेमुळे करता येत नाही. मनोरुग्णतेचा कलंक दूर करण्यासाठी तिने मनोरुग्णताच दूर केली आहे. एमीला निरोगी ठरवून तिने नायिकेची सुटका केली. पण जी खरोखर आजारी आहे, ती जिथे होती तिथेच राहिली.

याच ओव्हरमनच्या ‘मिसफिट्स’ (२००९–२०१३) या आधीच्या मालिकेशी तुलना केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते. समाजसेवेची शिक्षा भोगणाऱ्या तरुणांना वादळानंतर अद्भुत शक्ती मिळतात, अशी तेथे कल्पना आहे. त्या शक्ती त्यांना निर्दोष ठरवीत नाहीत. ते गुन्हेगार राहतात, उथळ राहतात, आणि तरीही प्रेक्षकाची सहानुभूती मिळवतात. सहानुभूतीसाठी निर्दोषत्वाचा दाखला तेथे लागत नाही. ‘क्रेझीहेड’मध्ये तो लागतो.

भय आणि हास्य यांच्या नात्यावरही याचा परिणाम होतो. उत्तरार्धात कॅलमच्या मोठ्या योजनेला आणि तिच्या केंद्रस्थानी असलेल्या रॅकेलला महत्त्व येते. नरक आणि मनुष्यलोक यांमधील सीमा धोक्यात येते. संकट जसजसे मोठे होते, तसतसे ते बाहेरचे होते. आपले कोणी ऐकणार नाही हे भय मागे पडते आणि जगाचे काय होणार हे भय पुढे येते. या दुसऱ्या भयाशी हास्याचे काही आंतरिक नाते नाही. त्यामुळे पूर्वार्धात एकाच मुळातून उगवणारे हे दोन भाव उत्तरार्धात पाळीपाळीने येऊ लागतात; संवादांतील चटपटीतपणा टिकतो, परंतु त्याची गरज टिकत नाही. आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगायचे तर अंगी विषय क्षीण झाला की अंगांमधला विरोध पुन्हा डोके वर काढतो. रसविरोधाचा दोष भावांच्या स्वभावात नसून त्यांना सांभाळणाऱ्या प्रधान सूत्राच्या शैथिल्यात असतो, या त्याच्या विचाराला एकविसाव्या शतकातील एका दूरचित्रवाणी मालिकेने मिळालेली ही पुष्टीच म्हणावी लागेल.

६

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या विवेचनातून दोन गोष्टी हाती लागतात. भयविनोदी कृतींचे मूल्यमापन करताना त्यांतील भय किती आणि हास्य किती, हे मोजणे व्यर्थ आहे. दोहोंचा आश्रय कोण आणि दोहोंवर सत्ता कोणाची, हे पाहणे फलदायी ठरते. या निकषावर ‘क्रेझीहेड’चे पहिले काही भाग या प्रकारातील उत्तम लेखनात गणावे लागतात आणि अखेरचे भाग रूढ साच्याजवळ सरकतात. दुसरी गोष्ट काव्यशास्त्राविषयीची. रसांच्या मैत्री-विरोधाची कोष्टके केवळ मनोव्यापारांची वर्गवारी नाहीत. कोणाचे भय गंभीर मानायचे आणि कोणाचे हसण्यावारी न्यायचे, याचा एक सामाजिक निर्णयही त्यांत दडलेला आहे. भरतापासून वॉलपोलपर्यंत हा निर्णय बहुधा गृहीत धरला गेला. बोलिंगच्या क्रीडागृहात काम करणाऱ्या एका तरुणीला नायिका करून या मालिकेने तो गृहीत धरण्याचे नाकारले. तिचे यश अपुरे आहे. परंतु ज्या ठिकाणी ते अपुरे पडते, त्याच ठिकाणी पुढच्या कृतीपुढचे काम स्पष्ट होते. डीमन खोटे निघाले तरीही जिच्या शेजारी कोणी बसून राहील, अशी नायिका या कथाप्रकाराने अद्याप निर्माण करायची आहे.